धुराची गाडी दर दोन दिवसांनी हवी का?

दांडियाबाजारकर
बडोद्यातल्या आमच्या गल्लीत सह्यांचा कागद फिरला: डेंग्यूचे डास मारायला दर दोन दिवसांनी फॉगिंग, म्हणजे गाडीतून औषधी धुराची फवारणी करा. मी सही केली नाही. शेजारी नाराज झाले, म्हणून कारण लिहिते.

गच्चीवर माझा दुधीचा वेल आहे. त्याची पांढरी फुलं दिवेलागणीला उमलतात, तेव्हा मधमाशा परतलेल्या असतात. परागीभवनाचं काम पतंग करतात. नेमकी त्याच वेळी धुराची गाडी येते. गाडी येऊन गेली की माझ्या वेलावरचे बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळतात, हे मी दोन पावसाळे बघतेय. आता नरफूल खुडून मादीफुलावर मीच फिरवते.

आणि डेंग्यूचा डास? तो दिवसा चावतो, एरवी खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसतो. रस्त्यावरचा धूर तिथे फारसा पोचत नाही. पाण्यातल्या अळ्यांना तर तो लागतही नाही. आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. धुरात पतंग आणि कोळीही मरू शकतात. कोळी तर डास खाणारा!

मांजलपूरचा बाप
ताई, दुधी बाजारात मिळतो. माझी नऊ वर्षांची मुलगी गेल्या भाद्रपदात सहा दिवस दवाखान्यात होती. प्लेटलेट्स 22 हजारांवर आल्या तेव्हा मी तिच्या खाटेजवळ कसा बसलो होतो ते माझं मला ठाऊक. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर आजार जास्त बळावू शकतो. विषाणू घेऊन उडणारी डासाची एक मादी जरी आज मेली, तरी मला तो धूर हवा आहे. निसर्गावर सोडा म्हणाल, तर चतुर अंडी घालतात तळ्यात. आमच्या कूलरमध्ये कोण येणार अळ्या खायला?

दांडियाबाजारकर
भाऊ, लेकीचं वाचून पोटात कालवलं. चतुराचं म्हणणंही बरोबर आहे, कूलरमध्ये निसर्ग येत नाही. रुग्णाच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत आतून फवारणी करायची असेल तर मी स्वतः दार उघडून देईन. माझा विरोध गल्लीतल्या धुराला आहे. गाडी येऊन गेली की सगळ्यांना वाटतं काम झालं, आणि कूलर तसाच राहतो. परवा मी आमचा रिकामा केला. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके चिकटलेले. ती अंडी! पाणी ओतून जात नाहीत; कोरडी राहून कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. काथ्याने खसखसून घासावं लागतं.

कारेलीबागचा मास्तर
एक भर घालतो. कुणी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सुचवेल. बंद हौदात ठीक. पण गंबुसिया हा तसाच दुसरा मासा तळ्यात, नदीत सोडू नका. 1928 साली डासांसाठीच तो भारतात आणला. तो बेडकांची पिल्लं आणि इथल्या माशांची अंडीही फस्त करतो. बेडूक गेले तर कीटक वाढणारच. आपल्या विश्वामित्री नदीत आधीच काय कमी कटकटी आहेत!

रावपुऱ्यातला भाडेकरू
घासा म्हणणं सोपं आहे. आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं. तळातल्या जुन्या टाक्याचं झाकण फुटलेलं. मालक म्हणतात भाडेकरूंनी बसवावं, भाडेकरू म्हणतात मालकांनी. शेजारचं घर चार वर्षं बंद, माणसं परदेशात. त्यांच्या गच्चीतल्या कुंड्या, उलटी पडलेली बादली मला जिन्यातून दिसते. 2024 च्या पुरानंतरचं भंगारही तिथेच पडून आहे. डास शेजारच्या घरातून सहज उडून येतो. माझं घर चकचकीत ठेवून मी काय करू? तोवर मला धूर हवा.

दांडियाबाजारकर
मग सह्या बंद घरं उघडून तपासायच्या मागणीवर घ्या. त्यावर पहिली सही माझी.

मांजलपूरचा बाप
आज फ्रिज ओढून मागची ताटली काढली. अळ्या वळवळत होत्या. माझ्याच घरात, लेकीच्या खोलीपासून सात पावलांवर. घासली, उन्हात ठेवली. तुमच्या मागणीवरही सही करतो, ताई. पण फॉगिंगवरची सही मागे घेणार नाही. आमच्या शेजारचा बंगलाही दिवाळीपासून कुलूपबंद आहे.