पॉलीन न्यूमन, वय ९८: "घरी बसा" म्हणणाऱ्यांना उत्तर

रसायनी:
काल इथे एकाने अमेरिकेतल्या फेडरल सर्किट अपील कोर्टाच्या (देशभरातल्या पेटंटच्या केसेसची अपिलं ऐकणारं कोर्ट) न्यायाधीश पॉलीन न्यूमन यांचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, "९८ वय झालं तरी खुर्ची सुटत नाही, नातवंडं खेळवायची सोडून म्हातारी स्वतःच्याच कोर्टाविरुद्ध कोर्टात गेलीय". खाली हसण्याच्या इमोजींची रांग. मला रात्रभर चैन पडलं नाही म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

म्हातारी कोण ते आधी बघा. जन्म १९२७, न्यूयॉर्क. १९५२ मध्ये येलमधून रसायनशास्त्रात पीएचडी. अमेरिकन सायनामिड या रसायन कंपनीत संशोधक, १९५४ पासून एफएमसी कंपनीत पेटंटच्या कामाला, नोकरी करता करता १९५८ मध्ये वकिलीची पदवी आणि १९६९ मध्ये त्याच कंपनीच्या पेटंट विभागाची प्रमुख. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी थेट या कोर्टावर नेमलं. कोर्टच १९८२ मध्ये स्थापन झालेलं, आधीचे सगळे जुन्या कोर्टांतून आलेले, थेट नेमणूक झालेली ही पहिली.

माझ्यासाठी हे नुसतं वाचलेलं नाही. १९८७ मध्ये एमएस्सी करून मी पाताळगंगेच्या एका कंपनीत लागले, लॅबमध्ये एकटी बाई. तेव्हा फॅक्टरी कायद्यातच होतं की बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात ठेवायचं नाही, त्यामुळे दुपारच्या शिफ्टची बॅच मी लावायची आणि ती उतरवायची वेळ आली की मी बसमध्ये. तीन महिन्यांनी साहेब म्हणाले तुमचं अक्षर छान आहे, आणि मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे रीडिंग फेअर करत बसले. म्हणून ही बाई ५० च्या दशकात कुठून कुठे पोचली ते मला कळतं, आणि तिला कुणी "घरी बस" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आता मुद्दा. २०२३ मध्ये त्याच कोर्टाच्या मुख्य न्यायाधीश किंबर्ली मूर यांनी, न्यूमनना आता काम झेपत नाही म्हणून चौकशी लावली. चौकशी समितीत कोण, तर मूर स्वतः आणि त्याच कोर्टाचे आणखी दोन न्यायाधीश. त्यांनी सांगितलं आम्ही ठरवू त्या डॉक्टरकडून मेंदूची तपासणी करून घ्या. न्यूमन म्हणाली चौकशी दुसऱ्या सर्किटच्या, म्हणजे दुसऱ्या अपील कोर्टाच्या, न्यायाधीशांकडे द्या, मी सहकार्य करते. ते दिलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये "सहकार्य केलं नाही" म्हणून एक वर्ष नव्या केसेस बंद. २०२४ मध्ये परत, २०२५ मध्ये परत. तक्रार करणारे तेच, साक्ष देणारे तेच, निकाल देणारेही तेच. तुमच्या सोसायटीत असं झालं असतं तर तुम्ही गप्प बसला असता का?

न्यूजर्सीकर:
ताई, तुमच्या नोकरीचं वाचून वाईट वाटलं पण त्याचा इथे काय संबंध? मी अमेरिकेत १९ वर्षं जेनेरिक औषधांच्या पेटंट केसेसच्या कामात आहे. आमची जवळजवळ प्रत्येक केस शेवटी याच कोर्टात जाते. एकूण १२ जागा, तीन-तीनचं बेंच, त्यात एक न्यायाधीश अडली की बाकीच्यांवर लोड. आणि ज्याची केस तिच्यापुढे आहे त्याचा विचार करा ना. पेटंट कंपन्या श्रीमंत आहेत हो, पण याच कोर्टात माजी सैनिकांची पेन्शनची अपिलं येतात, सरकारी नोकरीतून काढलेल्यांची येतात.

समितीने वीसहून जास्त कर्मचाऱ्यांशी बोलून अहवाल केला. त्यात आहे की त्या सांगितलेलं विसरतात, तेच तेच विचारतात, आपले फोन-कॉम्प्युटर हॅक होतायत असं त्यांना वाटतं, निकाल लांबतात. त्यांच्याच ऑफिसातली माणसं बोललीयत, मूर एकट्या नव्हे. एवढं समोर आल्यावर मुख्य न्यायाधीशाने काय करायचं, वय मोठं आहे म्हणून पाया पडायचं?

वऱ्हाडी वकील:
आमच्याकडे हा तमाशाच नाही भाऊ. हायकोर्ट ६२, सुप्रीम कोर्ट ६५, त्या दिवशी हार-गुच्छ आणि घरी. तिकडे घटनेतच "चांगली वर्तणूक असेपर्यंत" लिहून ठेवलंय म्हणजे मरेपर्यंत, काढायचं तर महाभियोग. आजवर १५ फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग झाला आणि त्यातले फक्त ८ दोषी ठरून गेले. मग डॉक्टर आणि समित्या काढाव्या लागतातच.

पण वयाच्या अटीचंही कौतुक नका करू. माझ्या अशिलाची शेतीची अपील, २२ वर्षं जुनी, युक्तिवाद पूर्ण झाला, निकाल राखून ठेवला आणि साहेब निवृत्त झाले. निकाल आलाच नाही. नवीन साहेबापुढे पहिल्यापासून सगळं. अशील त्या मधल्या काळात वारला, आता मुलगा येतो, त्याला सातबारा उघडून दाखवावा लागतो की हे तुझं शेत. ज्याला अक्कल आहे तो ६२ ला गेला आणि निवृत्तीनंतर ट्रिब्युनलवर बसायला बरोबर तरुण झाला, हा काय न्याय आहे.

ओसरी:
अहो पण हेच ते कोर्ट ना ज्याने आपल्या हळदीचं पेटंट अमेरिकनांना दिलं होतं? मग त्यांच्यासाठी इतकं रडायचं कशाला.

न्यूजर्सीकर:
@ओसरी नाही! हे दर वेळी कुणीतरी टाकतंच. पेटंट दिलं पेटंट ऑफिसने, १९९५ मध्ये, जखमेवर हळद लावण्याबद्दल. माशेलकर सरांच्या सीएसआयआरने फेरतपासणी मागितली, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेख पुरावा म्हणून दिला, आणि १९९७ मध्ये पेटंट ऑफिसनेच ते रद्द केलं. फेडरल सर्किटपर्यंत गेलंच नाही. न्यूमनचा काडीचा संबंध नाही. कृपा करून वाचून लिहा.

ओसरी:
बरं, कोर्ट नाही, ऑफिस. चूक झाली. पण अंगावर यायची गरज नव्हती.

खडीसाखर:
मी कायद्यातलं काही सांगणार नाही, घरचं सांगते. माझे सासरे डॉक्टर, गावात ४५ वर्षं दवाखाना. ऐंशीनंतर विसरायला लागले. सकाळी साडेनऊला पांढरा शर्ट घालून खाली उतरायचे, कंपाउंडर सगळं सांभाळून घ्यायचा, चिठ्ठीवरचा डोस गुपचूप दुरुस्त करायचा. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही, देवमाणूस, कसं बोलायचं. मग एक दिवस कंपाउंडर रजेवर होता आणि एका लहान मुलीला मोठ्या माणसाचा डोस गेला. मुलगी वाचली, देवाची कृपा. त्या रात्री नवऱ्याने दवाखान्याची किल्ली काढून घेतली आणि सासरे सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत.

रसायनीताई, तुम्ही म्हणता तो अन्याय खरा असेल, पण ज्याने वेळेवर किल्ली काढली नाही त्यातली मी एक आहे. त्या कोर्टातल्या कर्मचाऱ्यांना किती जड गेलं असेल ते मला कळतं. साहेबांबद्दल असं लेखी द्यायचं म्हणजे सोपं नाही.

लोकलची खिडकी:
@खडीसाखर तुमचं ऐकून अंगावर काटा आला. पण मला याची दुसरी बाजू माहितीय. माझी आई ८४. दोन वर्षांपूर्वी मोठ्या भावाने तिला "जनरल चेकअप" म्हणून त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं आणि कागद घेऊन आला की हिला आता व्यवहार समजत नाही. का, तर फ्लॅट तिच्या नावावर. डॉक्टरने तिला विचारलं आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा. आई चौथी शिकलेली, घाबरली, वाडीतल्या भाषेत काहीतरी बोलली. झालं, स्मृतिभ्रंश. मी तिला दुसऱ्या शहरात, आमच्या कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी तास-दीड तास बसून विचारलं, भाजीचे भाव, भिशीचा हिशेब, कोणाच्या लग्नात काय आहेर दिला. सगळं तोंडपाठ.

म्हणून सांगते, डॉक्टर कुणी निवडला हाच सगळा खेळ आहे. न्यूमन बाईंनी स्वतःहून न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन रिपोर्ट आणले, त्यात त्या ठीक होत्या, समितीने ते पुरेसे मानले नाहीत. माझ्या भावानेही आमचा रिपोर्ट मानला नाही.

न्यूजर्सीकर:
तुमचा भाऊ आणि अमेरिकेचं अपील कोर्ट एकाच तागडीत तोलताय तुम्ही? भावाला फ्लॅट हवा होता. मूरना काय मिळणार? न्यूमनचा पगार चालूच आहे, तो तर घटनेनेच कमी करता येत नाही.

लोकलची खिडकी:
काय मिळणार म्हणजे? तीनच्या बेंचवर वारंवार बहुमताच्या विरोधात निकाल लिहिणारी एक बाई कमी झाली हे काही कमी मिळालं? तुम्ही त्या कोर्टात पोट भरता म्हणून तुम्हाला तिथले सगळे साधूसंत वाटतात.

न्यूजर्सीकर:
पोटाचं काढायचं काम नाही. मी कुणाच्या घरच्यावर आलो नव्हतो.

खडीसाखर:
आला होतात की. "तुमचा भाऊ" म्हणून सुरुवात तुम्हीच केलीत. आणि @लोकलची खिडकी, तुम्हीही जरा. माझे सासरे चूक होते आणि तुमची आई बरोबर होती, दोन्ही खरं असू शकतं. मला फक्त एवढं सांगा, घरात किल्ली काढायची तर कुणी काढायची? मुलाने काढली तर तो लोभी, न काढली तर तो बेजबाबदार. माझ्या नवऱ्याला आजही नातेवाईक टोमणे मारतात.

वऱ्हाडी वकील:
त्याला कायद्यात रस्ता आहे, आईच्या केसमध्ये भावाचा नुसता कागद काही कामाचा नाही. रजिस्ट्रारपुढे आई स्वतः उभी राहिली आणि नीट बोलली की मोठा आधार होतो. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक डॉक्टर घ्या आणि व्हिडिओ करून ठेवा. हे आजच करा, उद्यावर टाकू नका.

रसायनी:
धागा कुठल्या कुठे गेला पण बरंच झालं, कारण लोकलची खिडकी यांनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं.

न्यूजर्सीकर, तुम्ही कामातले आहात म्हणून तुम्हालाच विचारते. एसएएस इन्स्टिट्यूटची केस तुम्हाला माहीत असणार. पेटंट ऑफिसच्या बोर्डाने पेटंटमधल्या आव्हान दिलेल्या सगळ्या दाव्यांवर निकाल द्यायचा की निवडक, यात २०१६ मध्ये ही एकटी विरोधात लिहीत होती की सगळ्यांवर द्यायला हवा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तेच म्हटलं. २०१६ मध्ये ती ८८-८९ ची होती.

आणि त्याच कोर्टाचे जाइल्स रिच. १९५२ चा पेटंट कायदा लिहिण्यात ज्यांचा हात होता ते. १९९९ मध्ये वारले तेव्हा ९५ वर्षांचे आणि पूर्णवेळ न्यायाधीश. त्यांना कुणी तारीख विचारली नाही, उलट सगळे आदराने डोक्यावर घेऊन नाचले. बाई ९५ ची झाली आणि लगेच डॉक्टर?

न्यूजर्सीकर:
रिचबद्दल वीस कर्मचाऱ्यांनी असं काही सांगितलं नव्हतं. वयावरून नाही, वागण्यावरून चौकशी झाली, हे तुम्ही सोयीने गाळताय. आणि उलट उदाहरण देतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे विल्यम डग्लस यांना डिसेंबर १९७४ मध्ये पक्षाघात झाला, तरी जवळजवळ वर्षभर खुर्ची सोडली नाही. सहकाऱ्यांनी आपसात ठरवलं की ज्या केसमध्ये याचं मत निर्णायक ठरेल ती पुढे ढकलायची. हे बरं का? गुपचूप, कागदावर काही नाही, त्या कंपाउंडरसारखंच. मूरनी निदान उघडपणे केलं.

एसएएसचं म्हणाल तर हो, न्यूमन बरोबर होत्या. आमच्या फर्ममध्ये त्यांचा विरोधी निकाल आधी वाचायची पद्धत होती, कारण समोरची बाजू पुढे काय मांडेल ते तिथे सापडायचं. हे मी नाकारत नाही.

रसायनी:
मग राहिलं काय? चौकशी दुसऱ्या सर्किटकडे द्यायची सोय नियमात आहे की नाही?

न्यूजर्सीकर:
आहे. द्यायला हवी होती. घ्या, लिहून दिलं. पण वॉशिंग्टन डीसीच्या अपील कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये केसेस बंद करण्याविरुद्धचा त्यांचा दावा फेटाळला हेही लिहा.

रसायनी:
लिहिते. पण त्यांनी हेही म्हटलं की आपल्याच कोर्टाच्या २००१ च्या मॅकब्राइड केसमधल्या जुन्या निकालाने आपण बांधलेले आहोत. ती काम करायला लायक आहे की नाही, याचा निकाल तिथे लागलाच नाही. २०२३ पासून नव्या केसेस नाहीत, आणि तिच्या लायकीचा बाहेरच्या कुणी निवाडा केलेला नाही. ज्याने तो फोटो टाकला त्याने यातली एक तरी ओळ वाचली असती तर मी एवढं टाइप केलं नसतं.

खडीसाखर:
@लोकलची खिडकी, आईचं पुढे काय झालं? ते राहूनच गेलं.

लोकलची खिडकी:
भाऊ बोलत नाही. फ्लॅट तिच्याच नावावर आहे. हात थरथरतो म्हणून बँकेत सही जुळत नाही, एकदा कॅशियरने चारचौघांत परत पाठवलं. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की नातीच्या जुन्या वहीत दहा सह्या करते, आणि एक तारखेला वही पिशवीत घालूनच पेन्शनला जाते. वकीलसाहेब, तुमचं वाचून दाखवलं तिला. म्हणाली रजिस्ट्रारकडे सोमवारीच जाऊ, मंगळवारी भिशी आहे.