मदत हवी आहे: सड्यावरच्या नियोजित पवनचक्क्यांना हरकत कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. आमचं गाव साताऱ्यात, पाटण तालुक्यात, सड्याच्या म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळ पठाराच्या अगदी खाली आहे. गेल्या महिन्यात वडील गुरं घेऊन वर गेले तर कातळावर चुन्याच्या खुणा आणि लाल फडकी बांधलेल्या खुंट्या! विचारलं तर म्हणे पवनचक्क्यांची मोजणी. गावात कुणालाच पत्ता नव्हता.

पवनऊर्जेला माझा विरोध नाही, पण जागा ही नको. जांभ्या दगडावर इथे वीतभरही माती नाही. पावसाचं पाणी याच कातळातून मुरून खाली आमच्या झऱ्याला येतं, आणि अख्खी वाडी मे महिन्यात त्याच झऱ्यावर असते. रस्त्यासाठी आणि पायासाठी कातळ फोडला तर झऱ्याचं काय?

शेजारच्या चाळकेवाडीच्या पठारावर 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. तिथलाच सरडा, गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून दगडावर बसणारा, 2016 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला.

अडचण अशी की केंद्राच्या 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (EIA) अधिसूचनेप्रमाणे पवन प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, म्हणजे जनसुनावणीही नाही. मग धरायचं काय? ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय लिहावं? माहिती अधिकारात कुठले कागद आधी मागावेत? सड्याचा काही भाग वनखात्याचा असावा असं जुनी माणसं सांगतात, ते कुठे तपासायचं?

आणि कुणी वनस्पती किंवा भूजलाचे अभ्यासक असाल तर पावसाळा संपायच्या आत एकदा या. राहायची-जेवायची सोय घरी आहे.