पणजी मानमोडीत गेली म्हणतात, पण हिशेब जुळत नाही: घराण्याची माहिती लिहिण्यासाठी सल्ला हवा

माणगंगा

नमस्कार मंडळी. आजी नव्वदीला टेकलीय. तिला सगळं आठवतंय तोवर घराण्याची माहिती लिहून काढायची ठरवलंय. मूळ गाव माण तालुक्यात, शेतकरी घर. हाताशी आहे ते असं:

पणजोबांचा पक्ष पंचमीला असतो. वर्ष कुणालाच माहीत नाही.

पणजीचा पक्ष नवमीला. ती 'मानमोडीत गेली' असं घरात सगळे सांगतात, म्हणजे १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत. पण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून १९२२ आहे. मग आजोबा कुणाचे? आजीला विचारलं तर म्हणते, "मी सून म्हणून आले तेव्हा सासूबाई नव्हत्याच, मला काय ठाऊक."

पणजोबांचे थोरले भाऊ पलटणीत होते. 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत.'

आणि शेवटचं जरा नाजूक. आजोबांची एक बहीण सासरी विहिरीत गेली. पडली की उडी घेतली, यावर घरात कुणी बोलत नाही. हे लिहायचं का, आणि लिहायचं तर कसं?

कुठून सुरुवात करू? कुठल्या कचेरीत कुठला कागद मागायचा, इतकं नेमकं सांगितलंत तर बरं होईल.

जुना_फेरफार

महसूल खात्यात नोकरी झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जमिनीचा कागद काढा. खातेदार गेला की वारस लागायचे आणि त्याचा फेरफार व्हायचा. त्यात साधारण असं असतं: 'खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत. वारस मुलगे अमुक, तमुक, विधवा अमुक.' तुमचं कोडं बहुधा या 'विधवा' शब्दापाशी सुटेल. पणजोबांच्या वारसांत विधवेचं नाव निघालं, तर मानमोडीत गेली ती पहिली बायको आणि आजोबा दुसरीचे, इतका सरळ अर्थ लागतो. नाव नसेल तर मात्र लगेच उलटा निष्कर्ष काढू नका. कर्ते मुलगे असले की तलाठी बाईमाणसाचं नाव गाळायचा आणि मुलींची नावं तर सर्रास गाळलेली असत.

फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. भावाभावांत कुरबूर असली की माणूस जाऊन आठ-दहा वर्षांनी नोंद झालेली मी पाहिली आहे. आतला मजकूर वाचा.

आजच्या सातबाऱ्यावर जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात, त्यांवरून मागे मागे जायचं. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या.

दुसरा कागद गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोकांच्या भाषेत कोतवाल बुक. गावातले जन्म आणि मृत्यू यात लिहीत. जुनी पानं मोडी लिपीत असतात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव शोधू नका, कारण बारशाआधीच नोंद झालेली असायची. 'अमक्यास मुलगा' एवढंच सापडेल. मृत्यूचं कारण बहुतेक ठिकाणी 'ताप'. १९१८चे इन्फ्लुएन्झाचे मृत्यूही तापाच्याच रकान्यात गेले, त्यामुळे 'मानमोडी' असा शब्द दिसला नाही तर नाउमेद होऊ नका. १९६९च्या कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत मिळतील.

आणि १ जून या तारखेवर जीव टाकू नका. त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजाने वय ठरवायचे. वर्षही दोन-चारने मागेपुढे असू शकतं.

तिथीवार

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मला तिथींबद्दल सांगायचंय.

पणजीचा पक्ष नवमीला म्हणजे ती नवमीला गेली असं नव्हे. ती अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात, मग ती कुठल्याही तिथीला गेलेली असो. त्यामुळे तिची तिथी यातून कळत नाही, पण पणजोबांच्या आधी ती गेली एवढं पक्कं कळतं. तोंडी माहितीत इतकी खात्रीची गोष्ट क्वचित मिळते.

पणजोबांची पंचमी खरी असावी, पण पक्षाच्या तिथीवरून महिना आणि शुद्ध-वद्य कळत नाही. त्यांचं वर्षश्राद्ध कधी करत, हे आजीला विचारा. 'आषाढात, पेरण्या झाल्यावर' असं काहीतरी ती नक्की सांगेल.

आणखी एक. पक्षाला कुणाकुणाची नावं घ्यायची याची यादी घरात किंवा भटजींच्या वहीत असते. महालयाच्या यादीत आई, आजी, पणजी यांच्यानंतर 'सापत्न माता' अशी वेगळी जागा असते. आजोबांच्या हयातीत केलेली यादी मिळाली तर त्या जागी कुणाचं नाव आहे ते बघा.

शके दिलेला असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या दिवसांना ७९. मानमोडीचा मोठा तडाखा ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८चा, म्हणजे शके १८४०चा आश्विन-कार्तिक. काशी-प्रयागच्या पंड्यांच्या वहीतली नोंद असेल तर तिथे विक्रम संवत असतो, ५७ वजा करायचे. शिवाय उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांची आश्विन कृष्ण पंचमी ही आपली भाद्रपद वद्य पंचमी. इथे भलेभले फसतात.

बालाघाट

मराठवाड्यातल्या वाचकांसाठी पुरवणी. आमच्याकडचे निजामाच्या काळातले कागद फसली सनात असतात, ५९० मिळवले की इसवी सन. महिन्यांची नावंही आझूर, दै, बहमन अशी. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी तहसिलींनी जुनी दप्तरं बाहेर काढली, स्कॅन केली, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार पानं चढवली. राजकारण बाजूला ठेवा, पण वाडवडील शोधणाऱ्याला एवढा कागद पूर्वी कधी घरबसल्या मिळत नव्हता.

रेठरेकर

बसऱ्याबद्दल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणी होत्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी तर कुतच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. त्यानंतर कैदेतही पुष्कळ गेले. तेव्हा 'बसरा' म्हणजे बसरा शहरच असं धरू नका, गावाकडे त्या सगळ्या मुलखाला बसराच म्हणत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. इंग्रजी स्पेलिंग कारकुनाने कानाला आलं तसं केलेलं आहे आणि आडनाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, गाव, तालुका यांवरून ताडून बघा. पलटणीचा नंबर घरातल्या पेन्शनच्या कागदावर किंवा पदकाच्या कडेवर सापडतो. पदक मोडीत गेलं नसेल तर भिंगातून कड वाचा.

तासगावची_सुमन

आमच्याकडे हेळवी येतात. कर्नाटकातून येतात आणि चोपडी उघडून खापरपणजोबापर्यंतची नावं घडाघडा वाचतात. तुमच्या गावात येत असतील तर त्यांना धान्य-पैसे देऊन वाचून घ्या आणि परवानगी विचारून रेकॉर्ड करा. पंढरपूर जवळच आहे तुम्हाला, तिथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या बघा. नाशिकला अस्थी नेल्या असतील तर तिथल्या नामावळीतही असेल. जाताना आडनाव, मूळ गाव, भावकीतली चार नावं लिहून न्या, तुमचे उपाध्ये कोण हे त्यावरून ठरतं.

पण एक सांगते, या सगळ्या वह्यांत पुरुषच जास्त. आमच्या चोपडीत माझी आजी सापडते ती 'अमक्याची बायको' म्हणून. माहेरचं नाव, माहेरचं गाव आजीकडूनच काढा. सासरचं नाव लग्नात बदललेलं असतं, दोन्ही लिहा. नाहीतर अर्धं घराणं कोरंच राहील.

चाळकरी

सगळा सल्ला जमीनवाल्यांचा चाललाय. आमचे पणजोबा गावात बलुतेदार, नंतर गिरणीत. सातबारा नाही, फेरफार नाही, तीर्थाला कुणी गेलं नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

जुना_फेरफार

@चाळकरी, रास्त प्रश्न. कोतवाल बुकात जमीन असो-नसो, सगळ्या गावाची नोंद असते, तिथून सुरू करा. वतनदार महार किंवा रामोशी घर असेल तर इनाम-वतनाच्या नोंदवह्यांत पिढ्या सापडतात. मुंबईत मृत्यू झाला असेल तर महापालिकेचा वॉर्ड. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघाच, मुलाच्या नोंदीत बापाचं नाव, धंदा आणि राहण्याचं ठिकाण मिळतं.

पेडण्याचो

गोव्यातल्यांची गोष्ट निराळी. ख्रिस्ती घरांचे बाप्तिस्मा-लग्न-मृत्यू चर्चच्या वह्यांत, हिंदूंची देवळाच्या महाजनांची यादी. शिवाय पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणी. फक्त पोर्तुगीज वाचणारा माणूस गाठा. मूळ धाग्याला उपयोग नाही, पण कुणी शोधत आलं तर असू दे.

तिथीवार

विहिरीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. 'विहिरीत पडून मृत्यू' एवढं लिहा, आणि खाली 'कारणाबद्दल घरात दोन सांगण्या आहेत, सांगणारे अमुक आणि अमुक'. तुम्ही निवाडा द्यायचा नाही. 'अपघात' असं ठोकून लिहिलंत तर तोही निवाडाच. हीच पद्धत सगळ्या नोंदींना ठेवा: प्रत्येक तारखेपुढे ती कागदावरून आली, कुणाच्या तोंडून आली की तुमचा अंदाज आहे.

तासगावची_सुमन

तिची मुलंबाळं असतील तर आधी त्यांना विचारा, असं माझं मत. आपल्या घरची माहिती म्हणून आपण लिहितो, पण ती त्यांची आई आहे.

तिथीवार

विचारायला हवंच. ते नको म्हणाले तर भावकीत वाटायच्या प्रतीत गाळा, घरातल्या मूळ वहीत ठेवा. पुसून टाकू नका.

माणगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी प्रगती आहे.

भटजींच्या मुलाकडे जुनी यादी मिळाली. आजोबांच्या नावाने केलेल्या पक्षाच्या यादीत 'सापत्न माता' पुढे एक नाव आहे, आणि आईच्या जागी वेगळं. दोन्ही नावं आजीला वाचून दाखवली. पहिलं ऐकून ती म्हणाली, "ही देवातली." देव्हाऱ्यात सवाष्णीचा एक चांदीचा टाक आहे, तो हिचा. इतकी वर्षं रोज पुजतेय, पण कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही!

म्हणजे मानमोडीत गेली ती टाकातली. पण मग आजोबांची खरी आई कधी गेली, ते अजून अडलंय. फेरफार ऑनलाइन मिळाला नाही, तहसिलीत अर्ज दिलाय. १९१८च्या कोतवाल बुकाचं पान मात्र मिळालं, मोबाइलवर फोटो काढलाय. सगळं मोडीत आहे. इथे कुणी वाचून देईल का?

आत्याआजीच्या मुलाशी बोलायला पुढच्या महिन्यात जाणार आहे.

जुना_फेरफार

द्या इथे. फोटो सरळ वरून, उजेडात, पानावर हाताची सावली नको. एकच ओळ कापून टाकू नका, अख्खं पान टाका. त्या कारकुनाचं वळण कळायला आजूबाजूच्या नोंदी लागतात.