वाइनचं 'ब्लेंड': मिश्रण, मेळ की आणखी काही?

द्राक्षघड: दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पापच्या रेड वाइनवरचा मजकूर मराठीत आणताना 'ब्लेंड'पाशी, म्हणजे अनेक द्राक्षांच्या वाइन एकत्र करण्यापाशी, अडलंय. ग्रनाश, सिरा, मुर्वेद्र ही तिथली मुख्य द्राक्षं. 'मिश्रण' लिहिलं तर संपादक म्हणतात, भेसळ वाटते. काय लिहावं? आणि 'फुल बॉडीड'ला?

मात्रावेलांटी: मिश्रणच. मूळ 'मिश्र', 'मिसळ' त्याचीच लेक, आणि ती कुणाला भेसळ वाटत नाही.

तळघर: फ्रेंचांनी इथे दोन शब्द ठेवलेत. आसांब्लाज म्हणजे निवडून, चाखून जुळवणं. कुपाज म्हणजे ठिकठिकाणच्या वाइन एकत्र ओतणं. तो हलक्या अर्थानेच येतो. आसांब्लाजला 'मेळ' म्हणा. 'मेळ बसला', 'मेळ चुकला' हे आयतं मिळतं, आणि काम तसंच आहे. बहुतेक जण द्राक्षांच्या जाती वेगवेगळ्या आंबवतात. मग 100 मिलीच्या मोजपात्रात 60-30-10, 70-20-10 असे नमुने करून चाखतात. ग्रनाशमुळे मद्यार्क आणि स्ट्रॉबेरीचा वास येतो, पण रंग फिका, आणि हवा लागली की लवकर विटकरी पडतो; म्हणून ती सिमेंटच्या टाकीत किंवा मोठ्या जुन्या पिंपात ठेवतात. सिराचं उलट: गडद रंग, मिरीचा वास, पण हवा कमी पडली तर कुजक्या अंड्याचा दर्प. दोघींचे दोष एकमेकींत जिरतात. मुर्वेद्र कणा देते. मेळ झाल्यावर लगेच बाटल्या भरू नयेत. एकेकटी स्थिर असलेली वाइनसुद्धा दुसरीत मिसळली की टार्टरेटचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे, खडे तळाशी धरू शकते. आधी थंडीत ठेवून तपासावं.

मात्रावेलांटी: मेळात प्रत्येकाचा सूर वेगळा ऐकू येतो. वाइन एकदा मिसळली की वेगळी होत नाही. मिश्रणच.

तळघर: चाखणाऱ्याला सूर वेगळे कळतात. दक्षिण फ्रान्समधल्याच बांदोलची रेड घ्या: मुर्वेद्र किमान 50 टक्के, 18 महिने लाकडात. पहिल्या घोटालाच ओळखू येते.

काळीमिरी: फुल बॉडीडला 'भरदार'. 'दाट' म्हटलं की ताक डोळ्यांपुढे येतं, 'कडक' म्हटलं की चहा. ही वाइन 14-15 टक्के मद्यार्काची, तोंड भरून टाकते. 16-18 अंशांवर द्यावी. 25 अंशांवर नुसता मद्यार्क नाकात चढतो आणि भरदारपणा हरवतो.

द्राक्षघड: भरदार घेतला. टॅनिनसाठी, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्यासाठी, 'कषाय' चालेल?

काळीमिरी: नको. कोकणीत कसाय म्हणजे काढा. 'तुरट' पुरे, फक्त तो स्पर्श आहे हे कळू द्या. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, आणि कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ खरबरीत होते, हिरड्या आवळतात.

द्राक्षघड: मजकुरात 'गारीग'चा वासही आहे. माळरान लिहू?

तळघर: माळरान म्हणजे गवत. गारीग चुनखडीवरचं झुडपांचं रान: थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर, ज्युनिपर.

मात्रावेलांटी: मग 'झुडपी जंगल'. विदर्भात महसुली नोंदींत आहेच.

तळघर: त्या शब्दाला सातबाऱ्याचा वास येतो, रोझमेरीचा नाही.

काळीमिरी: 'काटवन'?

तळघर: काटवनात आधी काटा टोचतो. इथे पायाखाली पान चुरगळतं आणि तेलाचा उग्र वास उठतो. वाइनमध्ये तोच शोधतात. गारीगच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ समजावून लिहा.

मात्रावेलांटी: गारीग चालतं, तर आसांब्लाजने काय घोडं मारलंय?