टाटियाना मॅकफॅडन यांचा शाळेविरुद्धचा खटला: त्यातून नेमके काय साध्य झाले?

मैदानकर

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. यंदा आठवीत व्हीलचेअर वापरणारी एक विद्यार्थिनी आली असून तिला शर्यतीत भाग घ्यायचा आहे. वार्षिक क्रीडास्पर्धांच्या नियोजनाच्या बैठकीत असे ठरले की, सर्व शर्यती आटोपल्यावर तिला एकटीला मैदानाची एक फेरी मारू द्यावी आणि प्रशस्तिपत्र द्यावे. यामागचा हेतू चांगला आहे, तरीही मला ते पटले नाही आणि का पटले नाही हे बैठकीत नीट मांडताही आले नाही.

अमेरिकेच्या व्हीलचेअर शर्यतपटू टाटियाना मॅकफॅडन यांनी शालेय वयात अशाच व्यवस्थेविरुद्ध न्यायालयात दाद मागितली होती, असे वाचनात आले. मराठीत त्यांच्याविषयी जे सापडते, त्यात पदकांची यादीच अधिक असते. त्यांची मागणी काय होती, निकाल काय लागला आणि त्यानंतर काय बदलले, हे जाणकारांनी सांगावे. धावणारी मुले आणि व्हीलचेअर एकाच शर्यतीत असणे सुरक्षित असते का, हाही प्रश्न आहेच.

निशिगंध

आपण वर्णन केलेली व्यवस्था आणि मॅकफॅडन यांना शाळेने देऊ केलेली व्यवस्था यांत फारसा फरक नाही.

त्यांचा जन्म १९८९ मध्ये लेनिनग्राडमध्ये झाला. स्पायना बिफिडा या पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे कमरेखालचा भाग लुळा होता. पहिली सहा वर्षे त्या अनाथालयात वाढल्या आणि तेथे व्हीलचेअर नसल्यामुळे हातांवर चालत असत. पुढे त्यांना दत्तक घेणाऱ्या डेबी मॅकफॅडन या अमेरिकी सरकारमध्ये अपंगत्वविषयक आयुक्त होत्या. अपंग नागरिकांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या कायद्याच्या मसुद्यातही त्यांचा सहभाग होता. कायदा कोठे आणि कसा लागू होतो, हे ज्या घरात जेवणाच्या टेबलावर बोलले जात असणार, त्या घरातून हा खटला उभा राहिला, हे मला महत्त्वाचे वाटते.

२००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी १०० मीटरमध्ये रौप्य आणि २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यानंतर मेरीलँडमधील ॲथॉल्टन हायस्कूलच्या ॲथलेटिक्स संघात सामील होताना त्यांना सांगण्यात आले की, इतरांबरोबर ट्रॅकवर उतरता येणार नाही, वेगळी शर्यत घ्यावी लागेल. वेगळी शर्यत म्हणजे मोकळ्या ट्रॅकवर एकटीने मारलेली फेरी. पॅरालिम्पिकचे पदक गळ्यात असलेल्या मुलीची ही कथा आहे, हे लक्षात घ्यावे.

मॅकफॅडन कुटुंबाने नुकसानभरपाई मागितली नाही. त्याच ट्रॅकवर, त्याच वेळी शर्यतीत उतरण्याची परवानगी एवढीच त्यांची मागणी होती. तिचा आधार १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ हा होता. सरकारी निधी घेणाऱ्या संस्थेने केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही उपक्रमापासून दूर ठेवू नये, असे ते कलम सांगते. २००६ मध्ये संघीय न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन त्यांना इतर मुलींबरोबर स्पर्धा करू देण्यास शाळा प्रशासनाला सांगितले.

त्यानंतर २००८ मध्ये मेरीलँड राज्याने अपंग विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षण आणि क्रीडास्पर्धांत समान संधी देणारा कायदा केला. जानेवारी २०१३ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने देशभरातील शाळांसाठी मार्गदर्शक पत्र काढले. आपण ते पत्र अवश्य पाहावे, कारण त्यातील उदाहरणे आपल्या कामाची आहेत. कर्णबधिर धावपटूसाठी पिस्तुलाच्या आवाजाबरोबर डोळ्यांना दिसणारी खूण करावी. एक हात असलेल्या जलतरणपटूला भिंतीला दोन्ही हात टेकवण्याच्या नियमातून सूट द्यावी. खेळाचे मूळ स्वरूप बदलत नसेल, तर असा फेरफार नाकारू नये, हे त्यातील सूत्र आहे.

तिरपी_चाके

सुरक्षिततेविषयी लिहितो. शर्यतीची व्हीलचेअर तीन चाकांची असते: मागे आतल्या बाजूला कललेली दोन मोठी चाके आणि पुढे लांब दांड्यावर एक लहान चाक. खेळाडू कडक हातमोजे घालून चाकाला जोडलेल्या कड्यावर आघात करत वेग घेतो. सुरुवातीला धावणारा पुढे जातो, कारण खुर्चीला वेग घेण्यास वेळ लागतो. एकदा वेग आला की मध्यम आणि लांब अंतरावर खुर्ची धावणाऱ्याला मागे टाकते. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २०२४ साली स्वित्झर्लंडच्या मार्सेल हूग यांनी १ तास १५ मिनिटे ३३ सेकंद अशी वेळ दिली. दोन पायांवर ते अंतर दोन तासांत पार करणे हेही अत्यंत दुर्घट मानले जाते.

म्हणूनच मोठ्या मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअर गटाला काही मिनिटे आधी सोडतात. ट्रॅकवर प्रत्येकाने आपल्या लेनमध्ये राहण्याच्या शर्यतीत धडकेचा धोका कमी असतो. धोका आहे म्हणून मनाई करायची की धोका ओळखून आखणी करायची, एवढाच प्रश्न उरतो आणि बहुतेक आयोजक पहिला पर्याय निवडतात, कारण त्यात श्रम नसतात.

पदकांविषयी थोडेसेच: टोकियोपर्यंत मॅकफॅडन यांची पॅरालिम्पिक पदके २० झाली होती. त्यांत ८ सुवर्णपदके आणि २०१४ च्या सोची हिवाळी स्पर्धेतील स्कीइंगचे एक रौप्य आहे. २०१३ मध्ये बोस्टन, लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन त्यांनी जिंकल्या आणि पुढील तीन वर्षे तोच पराक्रम केला.

उंबरठा

निशिगंध यांचा प्रतिसाद उत्तम आहे. मात्र त्यावरून न्यायालयाने सर्व काही दिले, असा समज होऊ शकतो. एकत्र उतरण्याचा हक्क मिळाला, पण संघासाठी गुण मिळवण्याचा नाही. राज्यस्तरीय स्पर्धेत आपले गुण शाळेच्या खात्यात धरले जावेत, यासाठी त्यांनी पुन्हा न्यायालयाकडे धाव घेतली, तेव्हा २००७ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. माझ्या मते हा प्रश्न पहिल्यापेक्षा खरोखरच अवघड आहे. ज्या शाळेत व्हीलचेअर शर्यतपटू आहे, तिला प्रतिस्पर्धीच नसलेल्या प्रकारात गुण मिळाले, तर इतर शाळांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

त्यांच्या धाकट्या बहिणीलाही अशी भांडणे करावी लागू नयेत, हाही या लढ्यामागचा विचार होता. अल्बानियातून दत्तक घेतलेल्या हॅना पुढे स्वतः शर्यतपटू झाल्या आणि लंडन २०१२ मध्ये १०० मीटरच्या अंतिम फेरीत दोघी बहिणी एकमेकींविरुद्ध उतरल्या.

आपल्या बैठकीसाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. भारताच्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमातील कलम १६ नुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांत दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच क्रीडा आणि मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे. मुख्याध्यापकांसमोर ते कलम छापून ठेवावे.

मैदानकर

सर्वांचे आभार. कलम १६ बैठकीत मांडतो. आमचे मैदान मुरुमाचे आहे, लेन फक्कीने आखतो आणि मुलीकडे रोजच्या वापराची साधी व्हीलचेअर आहे. अशा स्थितीत कोणते अंतर ठेवावे?

तिरपी_चाके

१०० मीटर, सरळ पट्ट्यात. साध्या खुर्चीची पुढची लहान चाके भुसभुशीत मातीत रुततात. त्यामुळे तिची लेन आधी पाणी मारून आणि रोलर फिरवून घट्ट करून घ्यावी. कडेची लेन द्यावी आणि शेजारची एक लेन मोकळी सोडावी. वळणाची शर्यत या खुर्चीवर टाळावी, कारण वळताना एका हाताला सतत अधिक जोर लावावा लागतो. वेळ मात्र इतर मुलींप्रमाणेच स्टॉपवॉचवर घ्यावी आणि निकालपत्रकात नोंदवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तिला मोडण्यासाठी स्वतःचा आकडा हाती असेल. आणि सरावासाठी निदान महिनाभर आधी तिला त्याच लेनवर उतरवा.