लेदर जॅकेटला बुरशी आलीय, घरी साफ करता येईल का?

रसिका_ठाणे:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. नवऱ्याचं काळं लेदर जॅकेट आहे, धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडच्या दुकानांतून घेतलेलं. दुकानदाराने मेंढीचं लेदर आहे असं सांगितलं होतं आणि हाताला खरंच खूप मऊ लागतं. ठाण्यात असं जॅकेट घालायची थंडी ती किती पडते, त्यामुळे उत्तरेकडे कुठे फिरायला गेलो तरच बाहेर निघतं, नाहीतर वर्षभर लोखंडी कपाटात, तेही प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. डिसेंबरात मनालीला जायचंय म्हणून काल काढलं तर कॉलरवर, काखेत आणि पाठीवरच्या शिवणींच्या कडेने पांढरे-हिरवट ठिपके, आणि अस्तराला असा कुबट वास की शेजारच्या साड्यांनाही लागलाय. शिवाय कॉलरच्या आत डोक्याच्या तेलाचा काळपट पट्टा आहे तो वेगळाच.

सासूबाई म्हणतायत खोबरेल चोळ आणि उन्हात टाक, बहीण म्हणते व्हिनेगर, लाँड्रीवाल्याने घ्यायलाच नकार दिला आणि ड्रायक्लीनवाला म्हणाला रंग गेला तर आमची जबाबदारी नाही, तसं पावतीवर लिहून देतो. मग काय करायचं? घरी करण्यासारखं असेल तर नीट सांगा प्लीज, त्याचं फार लाडकं जॅकेट आहे.

बॅगवाला_दादा:
ताई, आमचा लेदरच्या बॅगा शिवायचा धंदा आहे, पावसाळा संपला की अशा वस्तू घेऊन लोक येतातच. बुरशी वरवरची असेल तर घरी नक्की जमतं, घाबरू नका. फक्त खोबरेल आणि ऊन हे दोन्ही आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढा.

आधी जॅकेट गॅलरीत न्या, घरात झटकू नका, ती पावडर उडते आणि दुसऱ्या कपड्यांवर बसते. तोंडाला मास्क लावा, मऊ ब्रशने किंवा कोरड्या सुती फडक्याने सगळे ठिपके हलक्या हाताने पुसा, शिवणीच्या फटी आणि कॉलरची घडी उलटून बघा, तिथे हमखास लपलेली असते, आणि ते फडकं परत वापरू नका, टाकून द्या. मग केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, त्यात तेवढंच पाणी घाला, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा. जॅकेटवर काही ओतायचं किंवा स्प्रे करायचं नाही, नुसतं दमट फडकं फिरवायचं. सॅनिटायझरचं जेल चालणार नाही, त्यात बाकीचं बरंच काही असतं, चिकट थर राहतो. आणि सगळीकडे लावायच्या आधी खिशाच्या झाकणाखाली एका कोपऱ्यात लावून बघा, रंग फडक्यावर आला तर तिथेच थांबा आणि इथे लिहा.

पुसून झालं की रुंद खांद्याच्या हँगरवर, चेन उघडी ठेवून, पंख्याखाली सावलीत, एक-दोन दिवस. उन्हात का नाही, तर ओलं लेदर तापलं की आकसतं आणि एकदा आकसलं की परत पूर्वीसारखं होत नाही, शिवाय रंग उडतो. हेअर ड्रायर, इस्त्री, हीटर सगळ्याला हाच नियम, त्यामुळे बर्फात भिजलं तरी हॉटेलच्या हीटरजवळ टांगू नका.

खोबरेलाचं म्हणाल तर ते लेदरमध्ये मुरतं, रंग गडद करतं, पुढे खवट वास येतो, त्यावर धूळ बसते. आणि ते 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं, म्हणजे मनालीच्या थंडीत काय होईल बघा. साबण, डिटर्जंट, खायचा सोडा हेही नको, लेदर मुळात थोडं आम्लधर्मी असतं आणि साबण-सोडा त्याच्या उलट, रंग आणि मऊपणा दोन्ही जातं.

पूर्ण सुकल्यावर लेदर कंडिशनर, म्हणजे लेदर मऊ ठेवणारं क्रीम, अगदी थोडं बोटभर फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्या. बुटाचं पॉलिश चुकूनही लावू नका, तो रंग आतल्या शर्टाला लागतो आणि ट्रेनमध्ये शेजारच्यालासुद्धा.

सुहास_पुणे:
दादांचं सगळं पटलं पण त्याआधी हे खरं लेदर आहे का ते बघून घ्या. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, खिशाच्या आत किंवा अस्तराखाली जिथे कापलेली कड दिसते तिथे बघा, खऱ्या लेदरची कड आणि मागची बाजू तंतूंची, लवेसारखी असते, रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर दिलेलं नकली लेदर असेल तर मागे विणलेलं कापड दिसतं. पीयू असेल तर कंडिशनरचे पैसे वाया घालवू नका, ते आत मुरतच नाही. आणि पीयूचा थर आपल्या दमट हवेत आपोआप कुजतो, पापुद्रे सुटायला लागले की त्याला कुठलाच इलाज नाही, कोणी दुरुस्त करून देतो म्हणाला तरी पैसे देऊ नका.

अजून एक, सगळे पांढरे डाग बुरशी नसतात. कधी कधी लेदरमधली चरबीच वर येऊन पांढरी साय धरते, कोमट हवेचा झोत लांबून क्षणभर दिला की ती विरघळून दिसेनाशी होते, बुरशी तशी जात नाही. पण तुमच्याकडे हिरवट रंग आणि वास दोन्ही आहे म्हणजे बुरशीच.

कोकणकन्या७:
मी रत्नागिरीची, आमच्याकडे पावसाळ्यात पट्टे, पाकिटं, चपला सगळ्यालाच बुरशी येते, त्यामुळे ठेवायचं कसं ते सांगते, कारण साफ करून परत त्याच कपाटात तसंच ठेवलं तर पुढच्या श्रावणात परत हेच. प्लास्टिकचं कव्हर आजच फेका! आतली ओल आतच राहते आणि बुरशीला तेच हवं असतं. जुन्या सुती चादरीचं कव्हर शिवा, गळ्यापाशी हँगरपुरतं भोक, बस. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरतेच आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याहून खूप वर असते, म्हणून पावसाने उघडीप दिली की जॅकेट बाहेर काढून तासभर पंख्याखाली ठेवायचं. कपाटही रिकामं करून पुसून कोरडं करा, नाहीतर तिथली बुरशी परत चढणार. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा पण त्या ओल्या झाल्या की निरुपयोगी, लोक वर्षानुवर्षं त्याच ठेवतात. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या म्हणजे कधी बदलायचे ते कळतं. डांबराच्या गोळ्या मात्र जॅकेटच्या खिशात नको, तो वास लेदरमधून निघता निघत नाही.

व्हिनेगर आम्ही वापरतो, पांढरं, निम्मं पाणी घालून. वास एक-दोन दिवसांत जातो.

रसिका_ठाणे:
कड बघितली, लव आहे, म्हणजे खरं लेदर. हुश्श! पण खिशाच्या झाकणाखाली दादांनी सांगितलेलं अल्कोहोलचं पाणी लावून बघितलं तर फडक्यावर काळा रंग आला, फार नाही, पण आला. आता?

बॅगवाला_दादा:
मग अल्कोहोल बंद. याचा अर्थ वरचा रंगाचा थर पातळ आहे, मऊ मेंढीच्या लेदरमध्ये असं असतं. कोकणकन्या म्हणतायत ते व्हिनेगरचं पाणी त्याच कोपऱ्याशेजारी लावून बघा, एक भाग व्हिनेगर दोन भाग पाणी इतकंच घ्या, रंग येत नसेल तर त्याने पुसा. तेही रंग काढत असेल तर नुसत्या पाण्याचं दमट फडकं आणि मग पंख्याखाली जास्त वेळ. बुरशी कोरड्याने मरतेच असं नाही पण वाढायची थांबते. आणि असं असेल तर कंडिशनरपण आधी तिथेच लावून बघा.

कॉलरच्या तेलकट पट्ट्यावर कॉर्नफ्लॉर किंवा टाल्कम पावडर जाड थर देऊन रात्रभर ठेवा, सकाळी झटका, तेल बऱ्यापैकी ओढून घेतं, एका वेळेत नाही गेलं तर परत करा. घासू मात्र नका, मेंढीचं कातडं पातळ असतं, वरचा पापुद्रा निघतो. अस्तराचं काम सगळ्यात शेवटी. जॅकेट उलटं करा, लोकरीच्या कपड्यांच्या लिक्विडचा नुसता फेस स्पंजवर घेऊन अस्तर पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, पाणी लेदरपर्यंत झिरपू न देता, आणि उलटंच सुकवा. काखेतला वास एवढ्याने गेला नाही तर अस्तर बदलून घ्या, बॅगा दुरुस्त करणारे करून देतात, सगळं लेदर ड्रायक्लीनला घालण्यापेक्षा ते बरं.

मयुर_नाशिक:
माझं सुएडचं, म्हणजे वरून लव असलेल्या लेदरचं आहे, हेच सगळं चालेल का?

बॅगवाला_दादा:
नाही, सुएडला कंडिशनर अजिबात लावू नका, लव चिकटून डाग पडतात. सुएडचा ब्रश मिळतो तो एकाच दिशेने फिरवा, मळलेल्या जागी शाळेतलं पांढरं खोडरबर हळू घासा. बुरशी जास्त असेल तर फोटो टाका, बघून सांगतो.