आईच्या एमआरआयमधे व्हाइट मॅटर चेंजेस, म्हणजे अल्झायमर काय?

खानापूरकर: आई ७४ वर्षांची, वर्षभर झालं विसरायलीय, परवा मंगळवारच्या बाजाराला गेली आणि पिशवी तिथंच ठेवून आली. बेळगावात एमआरआय केला, रिपोर्टात फझेकास ग्रेड २ लिवलंय, नातेवाईक लगेच अल्झायमर म्हणालेत. कुणाला कळतंय काय ओ?

टिळकवाडीची सून: घाबरू नका की ओ. फझेकास ही व्हाइट मॅटरमधे, म्हणजे मेंदूच्या पांढऱ्या भागात, किती बदल झालेत ते सांगणारी १९८७ची पट्टी, ० ते ३. एक म्हणजे ठिपके, दोनमधे ते एकमेकाला चिकटायला लागतात, तीनमधे मोठे पट्टे. हे बहुतेकदा बारीक रक्तवाहिन्यांमुळं, बीपी, शुगर, वय. नुसत्या त्यावरनं अल्झायमर ठरत नाही, त्यासाठी हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, किती आकसलाय तेपण बघतात आणि स्मरणशक्तीची टेस्ट तर पाहिजेच.

निपाणीवाला: अजून एक असतंय, डीटीआय, एमआरआयचाच एक प्रकार. पांढरा भाग म्हणजे मेंदूतल्या वायरी, त्यातलं पाणी वायरीच्या दिशेनं जास्त सरकतं, उसाच्या सरीतनं पाणी जातं तसंच, बांध फुटला की चहूकडं पसरतं. ते मोजून एफए नावाचा आकडा काढतात, अल्झायमरमधे फॉर्निक्स, सिंग्युलम अशा आठवणींशी जोडलेल्या वायरींत तो कमी होतो. पण हे जास्तकरून रिसर्चलाच, उगाच त्याच्यासाठी परत पैसे घालवू नका.

खानापूरकर: सरीचं पटलं बघा! बीपीची गोळी ती मधेमधे सोडतेच. न्यूरोवाल्याला दाखवतो.

टिळकवाडीची सून: बी१२ आणि थायरॉइडपण करून घ्या, त्यानंपण विसरायला होतं.